इस्ब्रांडचे खोके

पन्हळ धुवायला मी चुकीच्या बाजूला गेलो, एवढंच माझं चुकलं.

मी काँक्रीटचा मिक्सर ट्रक चालवतो. क्लासनबाईंच्या पायवाटेचा माल ओतून झाला आणि माल ज्यातून घसरत उतरतो ती ट्रकची पन्हळ धुवायची वेळ आली, तेव्हा बाई हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या. "माझ्या गवतावर एक थेंब सांडू दे, मग बघते तुझ्याकडे," म्हणाल्या. म्हणून मी ट्रक जरा मागे घेतला आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या कडेला पाणी सोडलं. प्लॉट माझ्या मामेबहिणीचा, टीनाचा. घरचंच अंगण, तिथं कोण ओरडणार? राखाडी पाणी उताराने निवांत निघून गेलं. कुठं गेलं ते मी पाहिलं नाही.

ते गेलं कॉर्नीमामाच्या चरात.

कॉर्नीमामा म्हणजे कॉर्नेलियस हार्म्स. माझ्या आईचा थोरला भाऊ, टीनाचा बाप आणि मॅनिटोबाच्या आमच्या या कोपऱ्यातला सगळ्यात जुना काँक्रीटवाला. टीनाच्या नव्या घराच्या पायातला बीम तो शनिवारी ओतणार होता. आमच्याकडची चिकणमाती एका जागी स्वस्थ बसत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि हिवाळ्यात गोठली की पाठ लावून वरचं घर उचलायला बघते. म्हणून घर खोल गाडलेल्या खांबांवर उभं करायचं, आणि खांबांवरच्या बीमखाली पुठ्ठ्याचे खोके मांडायचे. ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत खोके त्याचं वजन पेलतात, मग सावकाश कुजून जातात आणि बीमखाली वीतभर पोकळी राहते. मातीला काय फुगायचं ते त्या पोकळीत फुगावं, घराला हात लावू नये. मात्र खोके कोरडे हवेत. ओल्या खोक्यांवर माल पडला की जागच्या जागी लगदा.

मामाने खोक्यांवर ताडपत्री घातली होती. माझं पाणी खालून गेलं.

शुक्रवारी सकाळी त्याने मला बोलावून घेतलं. चराच्या काठावर उभा होता.

"एब, तू काल इथं होतास?"

"हो. क्लासनबाईंकडे माल होता."

"आणि पन्हळ कुठं धुतलीस?"

मी बोटाने जागा दाखवली. मामा शिव्या देत नाही, आमच्या चर्चमधलं कोणीच देत नाही. तो डोक्यावरची टोपी काढतो, आत बघतो आणि परत घालतो. त्या सकाळी हे बऱ्याच वेळा झालं.

रविवारी रात्री कडक गोठण येणार असं रेडिओवर सांगत होते. शनिवार हुकला की थेट वसंत. टीना आणि तिचा नवरा लॉइड त्याच्या आईवडिलांच्या तळघरात राहत होते, टीनाला सातवा महिना, आणि सासूबाई वरून पाय आपटून चालायच्या. सुतार पुढच्या आठवड्यात भिंती उभारायला येणार होते. नवे खोके विनिपेगहून येतात. मी फोन केला, तर दुकानदार म्हणाला, मंगळवारच्या आधी विसरा.

गावात कोरडे खोके रचून ठेवणारा एकच माणूस. इस्ब्रांड टेव्स.

हे नाव मामापुढे कोणी घेत नाही. इस्ब्रांड कित्येक वर्षं मामाच्या हाताखाली होता, मग वेगळा झाला. भांडण नाही, काही नाही. हात मिळवला आणि गेला. तिथून मामाच्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

तसा मामा जन्मापासूनच जळका. आई सांगते, धाकट्या भावाला नवे स्केट मिळाले तेव्हा हा आठवडाभर लंगडत चालला, आपल्याला जुन्यांमुळे कायमचं काहीतरी झालंय असं दाखवायला. पुढे चर्चच्या गाण्यात खालच्या पट्टीतली एकट्याने म्हणायची ओळ बेन डर्कसनला दिली, तर मामाचा घसा त्या रविवारपासून बसला तो बसलाच. पण ही सगळी किरकोळ सर्दी. इस्ब्रांड म्हणजे मुरलेला ताप.

दर वसंतात बर्फ वितळलं की मामा सूशमामीला गाडीत घालून हवा खायला नेतो. ही हवा नेमकी इस्ब्रांडने केलेल्या अंगणांपुढूनच वाहते. मामा खाली उतरतो, कुणाच्याही अंगणात ओणवा होतो आणि एखादी भेग दिसली की त्यात पाव डॉलरचं नाणं उभं करून बघतो. मामी गाडीत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसते.

"उभं राहिलं का?"

"तिरकं राहतंय."

"मग चल आता. बटाटे शिजायला टाकून आलेय मी."

दुःख एवढंच की इस्ब्रांडच्या कामाला भेगा कमी पडतात. मामाकडे याची कारणं तयार असतात. त्याला प्लॉटच चांगले मिळतात. तिथं झाडं नाहीत मुळं घालायला. त्या बाजूला पाऊसच कमी. इस्ब्रांड घाई करत नाही, खणलेली माती उन्हाला उघडी टाकत नाही, हे कारण मात्र त्या यादीत नाही. तेवढ्यासाठी मामाला कमी लेखायचं कारण नाही. ओल्या काँक्रीटवर थापी फिरवावी तर मामानेच. गुडघ्यांखाली फळ्या घेऊन तो मागे मागे सरकत जातो, आणि पुढे राहते ती फरशी नव्हे, थिजलेलं तळं. पण फरशीवर गालिचा पडतो. भेग सगळ्या गल्लीला दिसते.

त्यात लॉइडने घराचा भाव आधी इस्ब्रांडला विचारला होता. टीनाने ठणकावलं, "घर माझं आहे, पप्पाच बांधतील." दोन्ही गोष्टी मामाच्या कानावर आल्या, आणि त्याने दुसरीपेक्षा पहिलीच जपून ठेवली. निदान हे एक घर लोकांनी बोट दाखवून कॉर्नीचं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि त्याच्याच पायात माझं पाणी.

"खोक्यांशिवाय ओतू," मामा म्हणाला. "आमच्या वेळी कुठं होते खोके?"

"तुमच्या वेळच्या घरांची दारं लागतात कुठं, मामा?"

"तू बोलू नकोस. तू तर बोलूच नकोस."

तेवढ्यात सूशमामी कॉफीचा थर्मास आणि पाव घेऊन आली. चरात डोकावली, माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं. तिला काही सांगावं लागत नाही.

"इस्ब्रांडकडे असतील," ती म्हणाली.

"मी त्याच्या दारात जाणार नाही."

"कॉर्नी, पोरीच्या घराखाली तुझं नाक पुरू नकोस. तेही फुगतं."

मामाने टोपी काढली.

"तू नको जाऊस," मामी म्हणाली. "ज्याने पाणी सोडलं तो जाईल."

इस्ब्रांड शेडपुढे अवजारं पुसत बसला होता. बारीक, कमी बोलणारा माणूस, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघतो. मी सगळं सांगितलं.

"कॉर्नीने पाठवलं?"

"मामीने."

"म्हणजे खरंच अडलंय." तो उठला. खोके प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर रचलेले होते, प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलीने माप. त्याने स्वतः माझ्या गाडीत चढवून दिले.

"किती द्यायचे, इस्ब्रांडकाका?"

"पुठ्ठ्याचे कसले पैसे देतोस? उद्या मीही येतो. एक माणूस जास्त लागेल."

"नको नको! तुम्ही येऊ नका."

"का रे?"

"तुम्ही आलात तर मामा ओतायचाच नाही."

तो माझ्या खांद्यापलीकडे बघत हसला. "अजून नाणं घेऊन फिरतो का?"

मी गाडीतले खोके उगाच सरळ करायला लागलो.

"अरे, सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या वर्षी आमच्याच अंगणात आला होता. आम्ही घरात नाही असं वाटलं त्याला. माझी बायको मारी पडद्याआडून बघत होती. म्हणाली, कॉफीला बोलावते. पण त्याला दरवाज्यापाशी एक भेग सापडली आणि तो इतका खूश झाला, की तिला वाटलं राहू दे, कशाला मोडा त्याचा आनंद."

शनिवारी मामाने एकेक खोका हातात घेऊन दाबला, कानाशी नेऊन वाजवला, वास घेतला. कुठंतरी ओल सापडावी म्हणून. सापडली नाही. "बरे आहेत," तो म्हणाला, आणि ते दोन शब्द त्याला दाढ काढल्यासारखे गेले. मी माल आणला. पन्हळ कुठं धुवायची ते त्याने काठीने जमिनीवर गोल आखून दाखवलं. काम मात्र असं केलं की बघत राहावं. कुठं घाई नाही, कुठं आरडाओरडा नाही. संध्याकाळी काँक्रीटवर जाड गोधड्या घातल्या, कडा मातीने दाबल्या, आणि तरीही तो चराभोवती फिरत राहिला, आजारी पोराच्या खाटेभोवती फिरावं तसा.

हिवाळा गेला. वसंतात माती फुगली, गल्लीतल्या चार घरांची दारं अडकली, डर्कसनांचा जिना भिंतीपासून सुटला. टीनाचं घर जागचं हललं नाही. केसाएवढी भेग नाही. एका रविवारी दुपारच्या पाव-चीज-कॉफीला तिने सगळ्यांना बोलावलं. पाहुण्यांनी दारं उघडून पाहिली, मिटून पाहिली. बेन डर्कसनसुद्धा म्हणाला, "कॉर्नी, मानलं तुला." मामा दुसऱ्या पावाला लोणी लावत होता आणि मला वाटलं, आता हा गाणार.

टीना बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "पप्पांनी केलं खरं, पण इस्ब्रांडकाकांचे खोके नसते तर आज आपण सगळे माझ्या सासूच्या तळघरात बसलो असतो."

सगळे हसले. लॉइड जरा जास्तच. मामाने लोणी लावलेला पाव ताटात ठेवला आणि तो तिथंच राहिला. पुढच्या आठवड्यात पोस्टात, गॅरेजात, चर्चच्या पायऱ्यांवर ते घर 'इस्ब्रांडच्या खोक्यांवरचं' झालं होतं.

मामा विनिपेगला जाऊन त्याच मापाचे खोके घेऊन आला. उचलायला मला सोबत नेलं आणि इस्ब्रांडच्या दारात गाडी उभी केली.

"हे तुझे खोके."

"माझे?" इस्ब्रांड म्हणाला. "माझे तर टीनाच्या घराखाली आहेत."

मामाचे कान लाल झाले.

"त्यांच्या बदल्यात हे. घे."

"असू दे रे कॉर्नी. तुला लागतील."

"मला नकोत. नाहीतर पैसे घे."

"पुठ्ठ्याचे?"

"मग काय घेशील ते सांग! काहीतरी घे."

इस्ब्रांडने गाडीपलीकडच्या शेताकडे बघत विचारलं, "एक काम करशील? आमच्या तळघराची फरशी आधीच्या मालकाची आहे, पार उचलली गेलीय. फोडून काढतो मी, माल मी ओततो. वरून थापी तू फिरव. माझ्या हाताला ती चकाकी येत नाही, कधीच आली नाही. मारी लग्नापासून ऐकवतेय, कॉर्नीच्या फरशीत तोंड दिसतं म्हणून. मला तर आता तुझं नाव ऐकलं तरी..."

मामा त्याच्याकडे असा बघत राहिला, जणू हा माणूस त्याला आजच भेटतोय. मग म्हणाला, "गुडघे दुखतात हल्ली. बघू."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मामा, आणखी काय हवं तुला? तोसुद्धा तुझ्यावर जळतो!"

"ऐकलं मी."

"मग एका दिवसाचं काम. फिटलं, मोकळा झालास."

"तुला अक्कल आहे का?" मामाने गाडी मधेच थांबवली. "न तडकणारं काँक्रीट त्याचं. आणि आता त्याच्याच घरात माझी फरशीही? मग माझ्याकडे काय उरलं?"

त्याला दोन उन्हाळे झाले. गुडघे दुखत असताना मामाने गावात पाच तळघरांच्या फरश्या केल्या, त्यातली एक इस्ब्रांडच्या समोरच्या घरात. मारी रोज तिकडे कॉफीला जाते म्हणे.

परवा मी इस्ब्रांडच्या एका कामावर माल घेऊन गेलो होतो. त्याने मला घरी नेऊन तळघर दाखवलं. जुनी फरशी फोडून बाहेर काढलीय, खडी पसरून चोपून ठेवलीय, कोपऱ्यात मामाच्या गुडघ्यांसाठी नव्या दोन फळ्यासुद्धा कापून ठेवल्यात.

"मामाला सांग, मला काही घाई नाही," तो म्हणाला.

मी जाऊन सांगितलं. मामा अजून पिकअपमध्येच असलेल्या, इस्ब्रांडने न घेतलेल्या खोक्यांवर दोरी आवळत होता.

"घाई नाही म्हणाला ना?" त्याने गाठ मारली. "मग झालं तर."