बाईंचा दिवा आणि रफिकवरचा ठपका

घाटात टॅक्सी चालवणाऱ्या माझ्या बांधवांनो, आणि मालतीबाईंच्या हाताखाली शिकलेल्या सर्वांनो,

गाडी बंद पडली की पहिले बोट चालकाकडे वळते, हे तुम्ही सगळ्यांनी सोसले आहे. क्लच जळला, चालकाने जाळला. टायर गेला, चालकाने घालवला. गाडी मालकाची, पेट्रोल पंपाचे, दुरुस्ती गॅरेजची, आणि दोष मात्र एकट्या चालकाचा! हा कुठला न्याय? गौरवग्रंथात गोडच लिहावे असा संकेत आहे, तो मला ठाऊक आहे. पण ज्यांचा आपण गौरव करतो आहोत त्या बाई पंचाहत्तराव्या वर्षीही अन्याय दिसला की संतापतात. तो संताप वगळून लिहिले, तर ते लेखन दुसऱ्याच कुणाविषयी होईल.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते भांडताना. कर्जतच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकले तर मुख्याध्यापक सांगत होते, "बाई, प्रयोगशाळेतली उपकरणं मुलांच्या हातात देऊ नका. तपासणीच्या दिवशी ती धड असायला हवीत." बाईंनी शांतपणे विचारले, "म्हणजे वीज मी तपासणी अधिकाऱ्यांना शिकवायची का?" खोलीत कुणी हसले नाही, कारण हसायची हिंमत नव्हती. त्या दुपारपासून उपकरणे मुलांच्या हातात गेली. मुलांनी ती मोडली, आणि बाईंनी ती मुलांकडूनच दुरुस्त करून घेतली. नेरळचा रफिक त्याच मुलांपैकी एक.

रफिक पुढे नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी चालवू लागला. व्हॅन जुनी, सुरेशशेठच्या मालकीची. एकदा भरल्या गाडीने चढत असताना इंजिनात खडखडाट झाला आणि गाडी जागीच थांबली. इंजिन उघडले तर पिस्टन फुटलेला. शेठनी स्टँडवर चारचौघांत निकाल दिला, "याला घाटात गाडी चालवता येत नाय. गियर न पाडता रेटतो. इंजिन खाल्लं माझं!" चावी काढून घेतली, आणि नवा पिस्टन बसल्यावर ती दत्ता या दुसऱ्या चालकाच्या हाती दिली. इंजिन मोडणारा म्हणून नाव झाल्यावर दुसरा कोणता मालक रफिकला गाडी देणार?

रफिक तो पिस्टन पिशवीत घालून खालापूरला बाईंच्या घरी आला. मीही तिथे होतो. पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. बाईंनी ती बोटाने चाचपली आणि आम्हाला समजावले. पेट्रोलची वाफ ठिणगीपासून एका लयीत जळत जायला हवी. ती मध्येच आपोआप भडकली की आत हातोडीसारखे ठोके बसतात. जुन्या व्हॅनच्या आवाजात ते चालकाच्या कानाला कळतही नाहीत, पण हळूहळू पिस्टन खाऊन टाकतात. "हे गियरनंच झालं असं कशावरून? कारण शोधल्याशिवाय पोराचं नाव कसं घेतलं यांनी?" असे म्हणत बाईंनी शेठना फोन लावला. शेठ हसले. "बाई, शाळा सुटली आता. इंजिनाला काय छडी दाखवून गप्प करणार?"

बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "गप्प कशाला? मी त्याला बोलतं करते."

अशा रीतीने तो ठोका ओळखणारा यंत्रकान घरातल्या टेबलावर बनू लागला. दारावरच्या घंटीतली पातळ पितळी चकती त्यांनी काढली. तिच्यावरच्या स्फटिकाच्या थराला हादरा बसला की किंचित वीज निर्माण होते. ती वीज वाढवायची, तिच्यातला नेमका ठोक्याचा सूर गाळून घ्यायचा आणि त्यावर एक लाल दिवा पेटवायचा, एवढी ती कल्पना. सूर कसा ओळखायचा, हे बाईंनी स्वयंपाकघरात नेऊन दाखवले. तांब्यावर चमचा मारला, मग हंड्यावर. लहान भांडे उंच वाजते, मोठे खाली. इंजिनाच्या नळकांड्याचेही तसेच. त्याच्या रुंदीवरून ठोक्याचा सूर हिशेबाने काढता येतो.

त्या दिवसांत रफिकच्या हाताला काम नव्हते. बाईंनी त्याला मदत केली, पण मदत म्हणवू दिली नाही. "मला तारा जोडायला हात हवाय," म्हणून त्याला रोज बोलवायच्या. तो जेवणाच्या वेळेला उठू लागला की म्हणायच्या, "बस रे. ताट रिकामं झाल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न गरम होत नाही या घरात." रफिक हसून म्हणायचा, "बाई, भाजी जळाली तरी चालंल, तार नको जळायला!"

पहिली चाचणी त्याच व्हॅनमध्ये झाली, जी आता दत्ता चालवत होता. दत्ताही बाईंचाच विद्यार्थी. चढावर लाल दिवा भराभर लागू लागला आणि मी खूश झालो. चालक दुसरा, तरी ठोका; म्हणजे पेट्रोलमध्येच भेसळ असणार, पंपवाल्याला धारेवर धरायचे, असे एक खरमरीत भाषण मी गाडीतच सुरूही केले. परत उतरताना दत्ताने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी दिवा लागतच राहिला. इंजिनावर भार नसताना ठोका कुठला? रफिक म्हणाला, "बाई, हा दिवा तर आमच्या शेठसारखाच हाय. काय पन झालं की माझ्याच नावानं पेटतो!" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमचं भाषण दिव्याच्याही आधी लागतंय. पंपवाल्याचं नाव काढू नका अजून."

चूक जागेची होती. चकती इंजिनाच्या वरच्या झाकणावर बसवली होती, त्यामुळे झडपांची टकटक तिला ठोका वाटत होती. बाईंनी ती काढून खाली, थेट इंजिनाच्या अंगावर बोल्टने आवळली आणि गाळणीचा सूर पुन्हा जुळवत बसल्या. रिकाम्या गाडीने जायचे, भरल्या गाडीने जायचे, दर खेपेला बटण केसभर फिरवायचे. कडाव गावच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वजनासाठी भाताची पोती दिली. बाई त्या पोत्यांवर बसून घाट चढायच्या. ज्याच्यावर बोट दाखवायचे आहे, त्याच्याबद्दल आधी स्वतःची खात्री करून घ्यायची, ही त्यांची शिस्त. आपल्याकडे किती जण ती पाळतात? कुजबुजीवर लोकांची आयुष्ये उधळणाऱ्यांनी एकदा त्या पोत्यांवर बसून पाहावे!

अखेर उतारावर दिवा शांत राहू लागला. मग भरल्या गाडीने चढ घेतला. दत्ता वेळेवर गियर पाडत होता, तरीही दिवा पेटला, आणि प्रत्येक अवघड वळणावर पेटत राहिला. चालक बदलला होता, ठोका तोच होता. त्याच पंपाचे पेट्रोल भरलेल्या दुसऱ्या मालकाच्या व्हॅनला यंत्र लावले, आणि बाईंच्या शब्दाखातर त्या एका खेपेपुरते स्टिअरिंगवर रफिकला बसवले. त्याच घाटात, तेवढ्याच वजनाने दिवा विझलेलाच राहिला. चालकही सुटला, पंपही सुटला.

शेठची व्हॅन घेऊन बाई तिच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेल्या. ठिणगी कधी पडावी ते ठरवणारा भाग मिस्त्रीला सैल करायला लावला. ठिणगी गरजेपेक्षा फार आधी पडत होती. ती थोडी मागे घेतली, म्हणजे जरा उशिरा पडू दिली, आणि तीच व्हॅन घाटातून दिवा न लागता वर गेली. "ठिणगी एवढी आधी पडेल असं कुणी केलं होतं?" बाईंनी विचारले. मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "शेठनीच सांगितलं ओ बाई. गाडी जोरात खेचली पायजे, फेऱ्या वाढल्या पायजेत म्हणत व्हते. आमी काय बोलनार?"

आणि इथे माझा संयम संपतो. मिस्त्रीकडून हे कळताच शेठनी आपल्या सगळ्या व्हॅनच्या ठिणग्या गुपचूप मागे करून घेतल्या. म्हणजे त्यांना सगळे पटले होते! पण स्टँडवर जे बोलले ते परत घेतले नाही. रफिक आज रसायनीत ठेकेदाराकडे गोण्या उचलतो. घाटातले प्रत्येक वळण ज्याच्या हातापायांना पाठ आहे, तो माणूस स्टिअरिंगपासून दूर आहे, कारण एका मालकाच्या तोंडून एक वाक्य निघत नाही. यंत्र कधीच तयार झाले. कच्चे राहिले आहे ते आपले धैर्य.

बाईंचा सत्कार ठरला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "शालीचं मला काय सांगता? त्या पोराचं काय केलंत?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख. संपादकांनी त्यातले एक अक्षरही गाळले नाही, याबद्दल त्यांचा ऋणी आहे.

मालतीबाई, तुमचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, हात असेच स्थिर राहोत, आणि शंभरीतही आम्हाला भाषणाच्या मध्येच थांबवण्याइतका तुमचा आवाज खणखणीत असो.

आणि सुरेशशेठ, या समारंभाचे स्वागताध्यक्ष तुम्ही आहात. नेरळचा सगळा स्टँड समोर बसलेला असेल, रफिकही असेल. बाईंच्या खांद्यावर शाल घालण्याआधी माइक हातात घ्या आणि तुमच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगा: "इंजिन रफिकनं मोडलं नव्हतं, माझ्यामुळं मोडलं."