चपलांची ओळ

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. पैंजणांचा आवाज, पांढरी साडी, लिफ्ट मागणारी बाई… चहात खारी बुडवत मी म्हणायची, "हिला ॲसिडिटी झाली असणार." तेव्हा आता तुम्ही माझ्यावर हसा, हक्कच आहे तुमचा.

गोष्ट थोड्या वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे अडुसष्टची, आणि स्वतःच्या हुशारीवर फार विश्वास होता.

आम्ही हैदराबादच्या तारनाक्याचे. घरात मराठी, बाजारात दखनी आणि भांडायचं असलं की तेलुगू. माझी नोकरी पुरातत्त्वाच्या कामात ड्राफ्ट्समनची — बाईलाही ड्राफ्ट्समनच म्हणत. उत्खननात निघालेल्या भिंती, खापरं, मातीचे थर मापात कागदावर काढायचे. रिटायर होऊन घरच्यांच्या चुका काढत बसले होते, तर नात इरा म्हणाली, "आजी, माझा ड्राफ्ट्समन काविळीने आडवा झालाय. येतेस?" तीही याच धंद्यात पडलेली, आणि स्वतःच्या जबाबदारीवर तिचं हे पहिलंच उत्खनन.

जागा मलकपेठच्या बाजूची. तिथलं जुनं कॅथेड्रल — नाव लिहीत नाही — आगीत गेलं. आधी छप्पर बसलं, मग पावसाळ्यात भिंती. मलबा उचलला गेला आणि उरलं नुसतं मैदान. तिथेच नवं कॅथेड्रल बांधायचं होतं. पण लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले, की त्याच्याही आधी इथे त्यांचं पहिलं, छोटंसं प्रार्थनाघर होतं. नक्की कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. सापडलं तर नवा पाया सरकवून ते राखणार. नाही सापडलं तर कायमचं काँक्रीटखाली. पायाचे खांब जमिनीत उतरवणारं पायलिंगचं मशीन फाटकाशी येऊन उभंही राहिलं होतं.

चर्चच्या कमिटीतले म्हातारे सॅम्युएल गारू, म्हणजे आपले सॅम्युएलराव, रोज ताकाचा डबा घेऊन यायचे आणि खुर्ची टाकून बसायचे. "अम्मा, मशीन अंदर आने से पैले मिलना," म्हणायचे. "मेरी नानी का बाप्तिस्मा वहींच हुआ."

मला पहिला संशय त्यांचाच आला. कारण, चपला!

आमचा ट्रेंच, म्हणजे खोदायचा चर, होता एका टोकाला, कडुलिंबाखाली. त्यात चपला घालून उतरायचं नाही ही आमची शिस्तच, कडा ढासळतात. पण माणूस त्या ट्रेंचच्या काठाशी काढेल ना? इथे मजूर चपला काढायचे ते पार दुसऱ्या टोकाला, मोकळ्या जमिनीवर, एकाशेजारी एक, सरळ ओळीत. आणि तिथून मे महिन्यातल्या तापलेल्या मुरमावरून अनवाणी ट्रेंचपर्यंत!

मी मजुरांपैकी यादम्माला गाठलं. "चपला यहाँ कायकू निकालते गे?"

"अंदर जाते ना, अम्मा."

"अंदर? कायके अंदर? ना भिंत, ना छत!"

तिने मागे वळून मैदानाकडे बघितलं. "मालूम नै," म्हणाली. "ऐसाइच लगता."

झालं! माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. म्हाताऱ्याने या लोकांना पढवलंय. इरा त्या ओळीकडे बघणार, तिथे खणणार, आधीच पुरून ठेवलेलं काहीतरी निघणार… आणि उद्या लबाडी उघडी पडली की बदनाम कोण? माझी नात. मी तिला तसं बजावलंही. ती घाम पुसत म्हणाली, "आजी, तू जरा सावलीत बस."

सावलीत बसते कसली! जेवणाच्या सुट्टीत काठीने सगळ्या चपला ढकलत कडुलिंबाखाली नेल्या. दुसऱ्या दिवशी ओळ जागच्या जागी. तिथे बादलीभर पाणी ओतून चिखल केला. त्यांनी चिखलात काढल्या. शेवटी सॅम्युएल गारूंनाच विचारलं, "यादम्मा को आप क्या सिखाए?" ते डुलकीतून जागे होत म्हणाले, "कौन यादम्मा?" काय ॲक्टिंग करतो म्हातारा, असं मला वाटलं.

मग एका सकाळी सगळ्यांसमोर यादम्माला दरडावलं, "सच बोल. सब से पैले कौन निकाला?"

सगळे हसायला लागले. "आपइच निकाले ना अम्मा! पैले दिन से. बुजुर्गां नंगे पाँव जा रै, हमे पैनके कैसे जाते?"

त्यांच्याहून मोठ्याने मी हसले. कारण माझी टाच. जमिनीला टेकली की कळ थेट मस्तकात. डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी चालायला मनाई केलेली. देवघरापुरती परवानगी मी परस्पर देवाकडूनच काढली होती. त्यातून माझे सँडल बक्कलचे आणि गुडघ्यांमुळे मला वाकता येत नाही. सकाळी सून बक्कल लावून देते, संध्याकाळी तीच काढते. मी काय काढणार कपाळ?

हे ऐकवायला म्हणून पाय पुढे केला… पाय अनवाणी होता. दोन्ही होते. मुरूम पोळत नव्हता. टाच दुखत नव्हती.

ओळीच्या टोकाला माझे तपकिरी सँडल नीट जोडून ठेवलेले. बक्कल सोडलेले. काठीने चपला ढकलल्या तेव्हा ते त्या ढिगात होते की नव्हते, आठवेना. गुप्तहेराने नेमकं तेवढंच बघितलं नव्हतं.

ज्या लबाडाच्या मागावर होते, तो लबाड मीच निघाले.

इराला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली आणि हळूच म्हणाली, "आजी, ही ओळ दोरीत आहे, भिंतीसारखी सरळ."

चपला उचलून तिथे खणलं. मशीनवाला फाटकाशी हॉर्न वाजवत होता. माती घट्ट दबलेली, कुणी हात न लावलेली — थर मी स्वतः तपासले, संशय अजून गेला नव्हता ना! आणि उन्हं उतरायच्या आत दगड लागला. उंबरठा. मधोमध पावलांनी झिजून ताटलीसारखा खोलगट. आमच्या चपला बरोबर त्याच्या बाहेरच्या अंगाला. आणि आम्ही अनवाणी चालायचो त्या दिशेला, आत, चुन्याची जमीन.

सॅम्युएल गारू आले. कुणी सांगितलं नव्हतं, पण बूट काढले, उंबरठ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मशीन मागे गेलं. पाया सरकला.

इरा म्हणते, "जमिनीचा उतार, गवताची रेघ… तुझ्या सरावलेल्या डोळ्यांनी नकळत टिपलं असेल, बाकीच्यांनी तुझं बघून केलं." छान आहे. पाहुण्यांना मी हेच सांगते. पण बक्कल? ते रोज कोणी सोडलं, आणि घरी जाताना कोणी लावून दिलं?

बांधकाम अजून चालू आहे. उंबरठा तसाच ठेवलाय. मी अधूनमधून जाते, सून सोबत असते. निघताना तिला सांगते, "घट्ट लाव गं." ती घट्ट लावते. आणि परत निघताना दर वेळी उंबरठ्याबाहेरून माझे सँडल उचलून आणते. ती माझ्याकडे संशयाने बघते, मी तिच्याकडे. उंबरठ्याकडे बघायचं मात्र दोघीही टाळतो.