बाटली भरलेलीच

आमच्याकडं ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी घरातलं एकही भांडं रिकामं राहत नाही. ड्रम, हंडे, कुकर, एकदा तर लेकीची खेळण्यातली बादलीसुद्धा! आमच्या कामातल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. आता ठेवायला जागा नाही म्हणून सांगते.

काम म्हणजे काय, तर मी आणि शाहीन आपा गावोगावच्या शाळांत जाऊन हात धुवा, पाणी तपासा, संडास वापरा, असं सांगत फिरतो. आपा वयानं मोठ्या आणि बिनधास्त. मी घाबरट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फील्डचा नियम शिकवला, "घर से निकले तो पानी नक्को, चाय नक्को. रास्ते में संडास कां ढूंढते?" मी तो आजवर मोडलेला नाही.

माझी मुक्ता शहरातल्या शाळेत दुसरीत आहे. तिची पाण्याची बाटली सकाळी भरून जाते आणि दुपारी भरलेलीच परत येते. संडासात घाण वास येतो म्हणून ती शाळेत पाणीच पीत नाही. दिवाळीनंतर लघवीला जळजळ झाली, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "पाणी पाजा, रोखून धरू देऊ नका. पुन्हा पुन्हा झालं तर किडनीला त्रास." तेव्हापासून दुपारी दारातच तिचं दप्तर हातात घेते, आणि नुसत्या वजनावरूनच कळतं, आजही भरलेलीच. बोलून बोलून थकले. जगाच्या लेकरांना शिकवायला निघालेली बाई!

*

लासूर स्टेशनजवळच्या एका शाळेत आम्ही साबण दिले. पुढच्या फेरीला गेलो, तर सगळे कपाटात, वेष्टनासकट!

"बाई, वापरले नाहीत?"

बाई दुखावल्याच. "वापरले असते तर तुम्हाला दाखवायला उरले असते का मॅडम?"

*

खुलताबादकडच्या शाळेत पोरांनी हात धुऊन दाखवले. तळवे, बोटांची बेचकी, नखं, मनगटं. एक पायरी चुकली नाही! मला भरून आलं. शेवटी विचारलं, "मग, हात कधी कधी धुवायचे?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "मॅडम आल्यावर!"

आपा जीपमध्ये बसेपर्यंत हसत होत्या. मला मात्र रात्रभर वाटत राहिलं, मुक्ताच्या शाळेतही कुणीतरी अशीच मॅडम येऊन जात असेल.

*

पाण्यात जंतू असले की काळी पडते, अशी तपासणीची छोटी बाटली असते आमच्याकडं. एक मी गुपचूप घरच्या ड्रमाचं पाणी भरून फ्रिजमागं ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर बाटली चकचकीत!

जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती तुझी बाटली पार काळी झाली होती. घासून ठेवली. आता बघ कशी स्वच्छ झाली!"

त्या दिवसापासून मी पाणी दोनदा उकळते. नवरा म्हणतो, "आता त्याला फोडणी तेवढी दे."

*

करमाडच्या पुढं एका शाळेत मुलींसाठी नवाकोरा संडास. टाइल्स, नळ, सगळं. आणि दाराला हे एवढं कुलूप!

"सर, कुलूप कशाला?"

"घाण व्हतंय ना मॅडम. आता बघा, एक डाग नाय." मुख्याध्यापकांनी खिसा थोपटला. चावी तिथंच. "तपासणीवाले आले, पाहुणे आले, की उघडतो."

"आणि मुली?"

"आमच्या पोरी लई शहाण्या. शाळेत पाणीच पीत नाहीत!"

आपांनी माझ्याकडं पाहिलं. मला हसायला आलं नाही.

*

त्याच शाळेत परवाच्या शनिवारी पुन्हा जायचं होतं. मुक्ताला सुट्टी, सासूबाई गावाला. घेतलं तिला सोबत.

मी रंगात आले होते. "तहान लागायची वाट बघायची नाही. घरी जाताना बाटली रिकामी पाहिजे!" आणि काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "ही माझी मुलगी. ही तुम्हाला पाणी पिऊन दाखवेल."

मुक्ता उठली. स्वतःच्या बाटलीला हातही लावला नाही. माझ्या पर्समध्ये हात घातला, माझी बाटली काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. गळ्यापर्यंत भरलेली.

"आईची पण भरलेलीच असते. रोज." मग माझ्याकडं वळून, "आधी तू पी."

मी आपांकडं बघितलं. आपा छताचा पंखा बघत होत्या.

प्यायले. सगळी. पोरं मोठ्यानं घोट मोजत होती. मग मुक्तानं स्वतःची उघडली आणि माझ्यावरची नजर न काढता तीही संपवली. मग मुलींच्या बाजूनंही झाकणं उघडल्याचे आवाज यायला लागले.

थोड्या वेळानं मी फळ्यासमोर या पायावरून त्या पायावर व्हायला लागले. वर्ग टक लावून बघतोय!

आपा म्हणाल्या, "सर, चाबी दो जल्दी."

"मॅडमसाठी व्हय? द्यायलाच पायजे, पाहुण्या हायेत!"

मी चावी घेतली आणि आत गेले. दार उघडून बघते तर बाहेर पार झेंड्याच्या खांबापर्यंत मुलींची रांग! सगळ्यात पुढं, पायाला पाय आवळून, मुक्ता.

सरांनी चावीसाठी माझ्यापुढं हात केला.

रांगेतून बारीक आवाज आला, "सर, आज आमी बी पाहुण्या!"