केवळरामची मेणाची घंटी

करडी गावचा केवळराम वायरमन विजेला भीत नसे, भीत असे तो तणसाला, भाताच्या वाळल्या पेंढ्याला. तिघा भावांची घरं भिंतीला भिंत लावून, आणि तिन्ही माळ्यांवर तणस ठासून भरलेलं. म्हणून एकोणऐंशी साली त्यानं तिन्ही घरांत घंट्या बसवल्या. प्रत्येक खोलीत आढ्याखाली पितळेच्या दोन पट्ट्या, मधे मेणाची गोळी. आच लागली की मेण वितळायचं, पट्ट्या भिडायच्या आणि तिन्ही घरांच्या घंट्या एकदम वाजायच्या. लाइनचा करंट त्यानं घेतला नाही, सेल लावले. आग लागली की आधी लाइनच जाते, असं तो म्हणे. गाव हसलं, पण हसता हसता चार घरांनी त्याच्याकडून घंट्या बसवूनही घेतल्या.

त्याची एकुलती लेक चंद्रकला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी आलीच. तिच्या आचेनं मेण वितळे, तिन्ही घरं बादल्या घेऊन धावत. तिसऱ्या वेळी भावजयांनी तोंड वाकडं केलं.

"पोरीले झोप नाही लागून राहिली," बायको सत्यभामा म्हणाली. "सव्वा महिना काढून ठेवा ना."

लेकीचा उतरलेला चेहरा पाहून केवळरामनं त्या खोलीतली वायर सोडवली. दुसऱ्या कोणाच्या घरी त्यानं हे कधीच केलं नसतं.

बाराव्या दिवशी दुपारी तो खळ्यावर होता. सत्यभामा नातीला घेऊन अंगणात उन्हाला बसली होती. आत चंद्रकला झोपलेली. बाजेवरून लोंबणारी गोधडी शेगडीवर पडली. घंट्या वाजल्या, नाही असं नाही. पण आग स्वयंपाकघरात पोचली तेव्हा वाजल्या. तोवर माळा खाली आला होता. चंद्रकला गेली. नवऱ्याला शब्दानं टोचावं एवढंही बळ सत्यभामेत उरलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्यानं काम सोडलं नाही. सहा वर्षांनी त्या चार घरांपैकी शकुनबाईच्या घरची घंटी अशीच वाजू लागली. तिची सून बाळंत झाली होती.

"काढून टाका ना भाऊ, सव्वा महिन्यापुरती," शकुनबाई म्हणाली.

केवळराम शिडीवरच थांबला. "नाही काढत, बाई. मी एकदा काढली होती."

गावात कोणाला हे ठाऊक नव्हतं? पण त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. शकुनबाई आत गेली, बाजेखालची शेगडी फडक्यात धरून उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. केवळरामनं नवी मेणाची गोळी बसवली.