गुरं बसतात तेवढा तास

आमच्या वाडीतून बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. वरंधच्या वरच्या अंगाला, जिथे सही करणारेही मोजकेच होते, तिथून मी पुण्याला जाऊन शिकलो. पण शिकवणं कशाला म्हणतात ते कॉलेजात कळलं नाही. परीक्षा देऊन घरी आलो आणि थोरल्या वहिनीला शिकवायला बसलो, त्या वर्षी कळलं.

थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता, तिथेच तापाने गेला. मागे वहिनी आणि एक लहान मुलगी. वहिनीचा भाऊ पोलादपूरकडचा, माणूस भला. बहिणीचा पाट लावून तिचं पुन्हा घर मांडून द्यायचं, हे त्याने मनात धरलं होतं. आमच्याकडे पाटाने गेलेल्या बाईबरोबर पहिल्या घरचं मूल जात नाही. वहिनी रडली नाही. मला म्हणाली, "भावोजी, मी चौथी झालेली हाय. सातवी झाले तर मास्तरीण होता येईल ना?"

बाबांनी मुदत घातली. "शिमग्याआधी महाडला परीक्षा हाय. पास झाली तर ऱ्हाईल. नाय झाली तर पाव्हणा न्यायला येईल, तवा मी आडवा येणार नाय."

मी पुण्याच्या सवयीने तक्ता आखला. साडेसातला अंकगणित, सव्वाआठला व्याकरण, मग भूगोल. घरात घड्याळ एकच, तेही माझ्या खिशात. साडेसातला वहिनी गोठ्यात असायची आणि सव्वाआठला पाण्यावर. मी घड्याळ हातात घेऊन दारात उभा. आई म्हणाली, "तुझं घड्याळ धार काढतं काय रे?"

लावणी लागली. आमच्याकडे लावणी आळीपाळीने होते, आज त्यांच्या शेतात, उद्या आपल्या. एकीने दांडी मारली तर घराची पत जाते. तेव्हा मीच बांधावर जाऊन बसलो आणि वरून व्याजाची गणितं घालू लागलो. शेजारची म्हातारी कमरेत वाकल्या वाकल्या ओरडली, "मास्तर, कोरड्यात बसून काय इचारता? उतरा चिखलात, दोन मुठी लावा, मग इचारा!" बाया खो खो हसल्या. मला राग आला, पण उतरलो. माझी ओळ वाकडी गेली. वहिनीचा हात थांबला नाही आणि उत्तरही चुकलं नाही.

त्या दिवसापासून तक्ता उलटा मांडला. कागद लागत नाही ते सगळं लावणीत: पाढे, तोंडी हिशेब, कविता. कापणीत भूगोल, कारण तो बोलत बोलत होतो. झोडणी झाली की लेखन. कामं पुढेमागे झाली तर धडेही पुढेमागे. मात्र पाऊस सरल्यावर एक तास मी पक्का केला. दुपारी गुरं रानातून येऊन अंगणातल्या आंब्याखाली बसतात, ती उठेपर्यंत वहिनीला कोणी हाक मारायची नाही. हा तास उघड्या ओटीवर चालायचा आणि आई मुद्दाम सूप घेऊन मधे बसायची. विधवा वहिनी आणि बिनलग्नाचा दीर; वाडीची तोंडं काही बंद नव्हती.

अपूर्णांक मी झोडणीनंतर ठेवले होते. अवकाळी पाऊस आला, भात पुन्हा वाळत घालावं लागलं आणि अपूर्णांक लांबले. परीक्षा तोंडावर आली तरी वहिनीचा छेद चुकतच होता. माझी झोप उडाली.

अशाच एका दुपारी ती पाटीवर वाकलेली असताना तिचा भाऊ काखेत बोचकं धरून अंगणात आला. मुदतीआधीच. बाबांना म्हणाला, "चांगलं स्थळ हाय, मामा. ते थांबायचे नायत. उद्या सकाळी घेऊन जातो."

वहिनीची पेन्सिल थांबली. मी बाबांकडे बघितलं. ते सुंभ वळत बसले होते. "तिचा तास चाललाय," ते म्हणाले. "गुरं उठली की बोलू."

पाहुणा ओटीच्या कडेला टेकला. वहिनीने एक गणित पुसलं, पुन्हा मांडलं. तेवढ्यात म्हातारी कपिली गाय पुढच्या गुडघ्यांवर रेटा देऊन उठली. तिच्या मागोमाग बाकीची हलू लागली.

"उठली की, मामा."

बाबांनी सुंभ टाकला, आंब्याखाली गेले आणि कपिलीच्या गळ्याखाली खाजवू लागले. "माशी चावली तिला. बसंल परत." गाय मान ताणून उभी राहिली. बाबा खाजवत राहिले. आईचं सूप थांबलं होतं. शेवटी कपिली धपकन खाली बसली.

"भावोजी, बघा," वहिनीने पाटी पुढे केली. छेद बरोबर होता. दुसरं घातलं, तेही बरोबर आलं.

बाबा हात झटकत आले. "पाव्हणं, मुदत माझी हाय. निकाल लागल्यावर या. आज जेवून जा."

वहिनी भावासमोर उभी राहिली. "दादा, मला पोरीला सोडून जायचं नाय. शिकू दे मला."

त्याने काखेतलं बोचकं खाली ठेवून सोडलं. आत पाटासाठी आणलेलं कोरं लुगडं होतं. "आता हे परत घेऊन मी घरात काय सांगू गो?" म्हणाला. "परीक्षेला तरी नेस."

ते नेसून वहिनी महाडला गेली. तिला पोचवायला मी होतो, आणि आमच्या पुढे तिचा भाऊ, भाचीला खांद्यावर घेऊन. ती पास झाली. पोर तिच्याजवळच वाढली.