पाठीवरचा नारळ

आधीच सांगते, मी देवळात रांग दिसली तर बाहेरूनच हात जोडणारी बाई आहे. अंगात येणं, दृष्ट, उतारा... असलं काही ऐकलं की मला जांभई येते. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. पण गेल्या डिसेंबरपासून मनातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण वैशाली. दोन वर्षं आमचं ग्रीसच्या एका बेटावर जायचं ठरत होतं. रील्स बघून झाल्या, सेलमध्ये दोघींनी पाठीवरच्या मोठ्या सॅक घेतल्या... आणि मग माझी आई अंथरुणाला खिळली. तिचं करणं, ऑफिस, परत तिचं करणं. एका शनिवारी भाऊ म्हणाला, "ताई, दोन दिवस मी बघतो, तू जा कुठेतरी." दोन दिवसांत ग्रीस कुठलं होतंय! मग त्याच सॅक पाठीला लावून आम्ही मुरूडची एसटी धरली. आगरदांड्याहून फेरीने पलीकडे दिघीला उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने चालत एका कोळीवाड्यात स्वस्तातली खोली गाठायची आणि झोपायचं, एवढाच प्लॅन. वैशाली फेरीवर म्हणाली, "समज, एजियन समुद्र आहे." मी म्हटलं, "मला फक्त गादी हवी."

दिघीच्या पुढे चालताना, ऐन दुपारी, वैशालीला घोटाभर पाण्यात एक नारळ हेलकावताना दिसला. शेंडीला काळा दोरा, वर हळदकुंकू. "अगं, फुकटचा! रात्री चटणी करू." तिची सॅक गच्च भरलेली, म्हणून तिने तो माझ्या सॅकमध्ये कोंबला.

त्यानंतर सॅक जड व्हायला लागली. पहिल्यांदा वाटलं वय झालं. मग वाटलं मानेचं दुखणं उठलं. मग मात्र पट्टे खांद्यात असे रुतायला लागले, की मी दर दहा पावलांनी थांबत होते. वैशाली म्हणाली, "खाली ठेव ना जरा." मी ठेवली नाही. श्रद्धा वगैरे काही नाही हो, एकदा ठेवली तर परत उचलवणार नाही, एवढंच. थकलेल्या माणसाचं गणित असतं ते.

खोलीची मालकीण, मावशी, अंगणात जवळा वाळत घालून कावळे हाकत बसली होती. डोळे मात्र समुद्राकडे. वैशालीने कौतुकाने सांगितलं, "मावशी, येताना नारळ मिळाला!" मी सॅक उतरवणार, इतक्यात मावशी धावतच आली.

"खाली ठेवू नको गो बाय! ठेवू नको!"

तिने सॅकचं तोंड उघडून नुसतं आत पाहिलं. हात लावला नाही. "मीच सोडलाय सकाली. गणेशचा हाय."

गणेश म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. बोट पहाटे यायला हवी होती, आली नव्हती. फोन लागत नव्हता, वारा सुटला होता, दुसऱ्या बोटी शोधायला गेल्या होत्या. त्यांच्या घरात रीत अशी, की बोट अडली की आईने दर्याला नारळ द्यायचा. आणि तो परत कुणाच्या हाती आला, तर बोटीवरचा माणूस पाय जमिनीला लावेपर्यंत नारळही जमिनीला लावायचा नाही.

"मग तुम्ही धरा ना, मावशी," वैशाली म्हणाली.

"मी दिलेला मी कसा परत घेऊ? दर्यानं हिच्या पाठीवर दिलाय." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "माझ्या जागी तुझी आई असती तर तिनंबी पाया धरलं असतं गो. माझा येकच हाय."

माझा विश्वास नव्हता. पण नाही म्हणायलाही ताकद लागते, आणि ती माझ्यात उरली नव्हती. शिवाय त्या बाईचा चेहरा... जाऊ दे. मी स्टुलावर बसले. मागे टेकायचं नाही, सॅक अधांतरी. मावशीने मला चहा पाजला, भाकरी-सुकट भरवली. मनात तिला, वैशालीला, ग्रीसला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. घाम नाकावरून ठिबकत होता. शेवटी मी रडले. लाज कसली त्यात, रडलेच.

ऊन कलल्यावर मावशी घरामागे वाळलेले बोंबील काढायला गेली तेव्हा वैशाली वैतागून म्हणाली, "बास झालं. दे इकडे, पाच मिनिटं." तिने सॅक काढून घेतली... एका हाताने! "काहीतरीच काय! आहे काय ह्यात? दोन टीशर्ट आणि नारळ!" सॅक झुलवत ती हसायला लागली. तेवढ्यात मावशी आली आणि अशी किंचाळली, की वैशालीने घाबरून सॅक परत माझ्या खांद्यावर घातली. माझे गुडघे वाकले. वैशालीने ते वाकताना पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

दिवेलागणीला ओरडा झाला. एक बोट दुसरीला ओढून आणत होती. गणेश गुडघाभर पाण्यातून चालत वाळूवर आला, मावशीने त्याला दोन थोबाडीत दिल्या, मिठी मारली आणि मला ओरडून म्हणाली, "ठेव गो, आता ठेव!" मी ठेवली. ठेवतानाच हलकी झाली होती. वैशालीला लागली तेवढीच मलाही.

चहा पिताना गणेश सांगत होता. "खालची फली निसटली. इंजिनात पानी. दुपारी बोट बसायलाच लागली व्हती, आई. मग थांबली. पानी तवढंच, पन बोट वर. कोनी खालनं उचलून धरल्यावानी. मधी येकदा धपकन खाली गेली, पानी काढायचा डबा हातातनं गेला. म्हटलं संपलं. आनि लगेच परत वर आली."

"मधी म्हणजे कधी?" वैशालीने विचारलं.

"ऊन कललं तवा."

वैशाली कप ठेवून बाहेर गेली. परतीच्या फेरीत तिने माझीही सॅक स्वतःच्या पाठीला लावली. मावशीने तो नारळ फोडून अर्धी वाटी माझ्या हातावर ठेवली होती. खोबरं साधं होतं, गोड.

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. बोटीत हवा अडकली असेल, माझी मान आखडली असेल, सगळे योगायोग एका दुपारी जमले असतील. असेलही. घरी आईला कूस बदलून देताना मात्र मी आता मनात कुरकुरत नाही. थकते, पण कुरकुरत नाही.

खांद्यावरचे वळ उतरेनात म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. ते बघतच राहिले. "अहो, एवढं काय उचललंत?"

काय सांगणार होते मी त्यांना! म्हटलं, "नारळ होता हो, एक."