बठ्ठं तसंच शे

फिरकीसर वर्गात आले की पहिला हुकूम सोडायचे, "डोळे मिटा." मग, "उघडा. सांगा, हाललं का?" टेबलावर अमोनियाचा रेणू : वर लिंबू, म्हणजे नायट्रोजन, खाली केरसुणीच्या काड्यांना टोचलेली तीन बोरं, ती हायड्रोजन. सरांनी तो एक-तृतीयांश फिरवलेला असायचा आणि आम्हाला पत्ताही लागायचा नाही. "फिरवला तरी ओळखू येत नाही, ही सममिती. रेणूचा स्वभाव इथूनच कळतो."

मी पाचोऱ्याहून रोज रेल्वेने जळगावला यायचे. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्याचा ताठा मला आजही आहे. बोलताना अहिराणी निसटली की पोरं खिदळायची. सर म्हणायचे, "हसू देत. रेणूला कुठली आलीय भाषा?"

शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. सकाळीच वडिलांनी, आबांनी बजावलं होतं, "नापास व्हयनी ते लगीन." स्थळ बघूनही ठेवलं होतं. धुळ्याहून आलेल्या परीक्षकांनी माझ्या आधीच्या दोघींना रडवून बाहेर काढलं होतं. फिरकीसर शेजारीच बसले होते, पण त्यांना बोलायची मुभा नव्हती.

"अमोनियाची सममिती सांग."

व्याख्या पाठ होती, पण पहिला शब्दच आठवेना. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "येत नसेल तर पुढच्याला पाठव."

टेबलाच्या कडेला लिंबू-बोरं दिसली. तोंडातून निघून गेलं, "सर, डोळे मिटा."

फिरकीसरांच्या हातातला खडू मोडला. परीक्षक माझ्याकडे रोखून बघत राहिले. मग त्यांनी खरंच डोळे मिटले. मी रेणू एक-तृतीयांश फिरवला.

"उघडा. हाललं का?"

"नाही."

"फिरवला मी. पण बठ्ठं तसंच शे!" 'सगळं तसंच आहे' म्हणायचं होतं. मी जीभ चावली.

ते हसले नाहीत. "आणि उलटा केला असता तर?"

"लिंबू खाली गेलं असतं, लगेच कळलं असतं. वरची बाजू वेगळी, खालची वेगळी. म्हणून तर अमोनियाचं एक टोक थोडं ऋण, दुसरं थोडं धन."

"जा."

दाराबाहेर पडताना फिरकीसरांचा आवाज ऐकू आला, "व्याख्या बरोबर शे, साहेब." अहिराणी त्यांना येत नव्हती.

मी पास झाले. आबांनी स्थळाला नकार कळवला.

त्याच उन्हाळ्यात सरांची धुळ्याला बदली झाली. स्टँडवर मी रडवेली झालेली पाहून ते एसटीच्या खिडकीतून म्हणाले, "डोळे मिट."

मी मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. उघडले तेव्हा गाडीची जागा रिकामी होती.

हाललं होतं, सर.